सोमवारचा कान

त्या सोमवारी तीन हजारचा सूर आलाच नाही. मी नेहमीसारखी तपासणीच्या खोलीत बसले होते, कानांवर हेडफोन, हातात बटण, डोळे मिटलेले. ही आमच्या कॉलेजातली ऐकू येण्याची चाचणी घ्यायची खोली. आतून भोकाभोकांचे पत्रे, दोन जाड दारं, मध्ये काच, आणि आत गेल्यावर आपण गिळलेला आवंढासुद्धा ऐकू यावा इतकी शांतता. काचेपलीकडे माझ्या वर्गातला प्रभुलिंग मशीनवर बसलेला. तो एक सूर सोडणार, ऐकू आला की मी बटण दाबणार, तो आवाज कमी करणार, परत सोडणार. कमीत कमी किती आवाज या कानाला पुरतो ते सापडलं की पुढचा सूर. पाचशे, हजार, दोन हजार हे सुरांचे आकडे. आकडा वाढला की सूर बारीक होत जातो. दोन हजारपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग काहीच होईना. नुसती वाट पाहताना माणसाला काय काय ऐकू येतं याची एक यादी मी पहिल्या वर्षापासून मनात ठेवली आहे : मानेची शीर, पोटातली हवा, ओढणी खांद्यावरून घसरल्याची सळसळ, पापणीची उघडझाप. (पापणीची खरंच ऐकू येते. कुणाला पटत नाही.) त्या दिवशी ती यादी दोनदा ऐकून झाली तरी सूर नाही. डोळे उघडले तर प्रभुलिंग काचेतून माझ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. झोपलीस की काय, असं म्हणत असणार. मी मान हलवली. त्याने चकती फिरवली, आणखी फिरवली, आणि आवाज पस्तीसवर गेला तेव्हा कुठूनतरी लांबून, शेजारच्या घरात कुणी शीळ घालावी तसा, तो सूर आला. बटण दाबताना मला पहिल्यांदा वाटली ती गंमत. भीती नंतर आली, आणि तीही थोडीथोडी करून.

मी तिथे का बसले होते, ते सांगायला हवं. कान तपासणारं मशीनसुद्धा बिघडतं, त्याचे सूर गुपचूप उतरतात, आणि मशीनला स्वतःला ते कळत नाही. म्हणून आमच्याकडे दर सोमवारी, पेशंट यायच्या आत, ज्याचा कान पक्का माहीत आहे असं माणूस आत बसवतात. त्याचे आकडे नेहमीचे आले तर मशीन ठीक, नाहीतर कंपनीला फोन. पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाचे कान तपासले तेव्हा माझे दोन्ही कान सगळ्या सुरांना शून्यावर आले. घरी आईला सांगितलं तर ती गप्पच झाली, पोरीला शून्य मिळालं हे मावशीला सांगावं की न सांगावं या पेचात पडली. आमच्यात शून्य म्हणजे पैकीच्या पैकी. आम्हाला शिकवणाऱ्या वैजयंती मॅडमनी माझा कागद लॅमिनेट करून मशीनशेजारी भिंतीवर लावला आणि वर लिहिलं, प्रमाण कान : धम्मप्रिया. मला दहावीला त्रेसष्ट टक्के होते, बारावीला त्याहून कमी. माझं काही भिंतीवर लागायची ती पहिलीच वेळ. दोन वर्षं मी एक सोमवार चुकवला नाही. सर्दी नको म्हणून कुल्फी सोडली. प्रभुलिंग मला सोमवारचा कान म्हणायचा. तो अक्कलकोटकडचा, घरात कन्नड बोलणारा, आणि लहानपणी कान वाहून पडद्याला ठिगळ लागलेला, म्हणून त्याचा कान या कामाला बाद. मॅडमचा कान पन्नाशीचा, तोही बाद. बाकीचे सगळे जूनमध्ये अजून सुट्टीवर, तपासणी चालवायला आम्ही दोघंच. म्हणजे अख्ख्या कॉलेजात भरवशाचा कान एकच उरला होता, आणि तो माझा होता.

मॅडम आल्या, चष्मा वर करून आकडे बघितले. तीन हजार, चार हजार, सहा हजार, वरचे तिन्ही सूर तीस-पस्तिसाने घसरलेले, उजवीकडेही आणि डावीकडेही. कान बिघडला तर एखादा बिघडेल, एका सुट्टीत दोन्ही अगदी सारखे कशाला बिघडतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. मशीनच उन्हाळाभर बंद खोलीत तापलं असणार. कंपनीचा माणूस पुण्याहून यायला तीन आठवडे लागणार होते. नियमाने तोवर मशीन बंद ठेवायचं. पण बाहेर बाकावर सकाळी आठपासून माणसं होती, सांगोल्याहून पहिली एसटी धरून आलेली, रजा टाकून आलेली, आणि मशीन तर एकच. मॅडम दोन मिनिटं खिडकीतून त्या बाकाकडे बघत राहिल्या. मग एक पिवळी चिठ्ठी लिहून त्यांनी मशीनला चिकटवली : वरच्या तीन सुरांतून तीस वजा करणे. मशीन खोटं बोलेल, पण धम्मप्रियाचा कान बोलणार नाही, असंही त्या प्रभुलिंगला म्हणाल्या. मला ते आवडलं. इतकं आवडलं की दुसरा काही विचार माझ्या डोक्यात शिरलाच नाही, याची आता लाज वाटते.

गुरुवारी सावित्रम्मा आल्या. पन्नाशीच्या अलीकडच्या, अंगाने बारीक, पदराला सुताचा भुसा चिकटलेला. घरातच विजेवर चालणारे टॉवेलचे चार माग, आणि लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं त्या त्याच खोलीत राबत आलेल्या. घरातली भाषा तेलुगू, पण मराठी स्वच्छ. सोबत मुलगा अंबादास होता. मी माहितीचा फॉर्म भरत होते आणि प्रश्न आईला विचारला की उत्तर तोच देत होता. त्रास काय होतो, विचारल्यावर म्हणाला, त्रास तिला न्हाय, आमाला हाय. हाक मारली की ओ देते, पण सांगितलेलं करत नाही. नातीला बालवाडीतून कधी आणायचं ते सांगितलं की मान डोलावते आणि जातच नाही, पोरगी तिथे रडत बसते. सुनेने सांगितलेलं तर मुळीच करत नाही. आपल्याला हवं ते मात्र बरोबर ऐकते. तो हे सांगत असताना सावित्रम्मा माझ्या तोंडाकडे बघून हसत होत्या. मला ते दिसलं आणि मी त्याचं काहीच केलं नाही. खोलीत मात्र त्या फार नीट बसल्या. काही पेशंट अंदाजाने बटण दाबतात, काही घाबरून सारखंच दाबतात. त्यांनी एकदाही उगाच दाबलं नाही. वरचे तिन्ही सूर त्यांना पंचावन्न-साठच्या आत ऐकूच येत नव्हते. मी पिवळ्या चिठ्ठीप्रमाणे तीस वजा केले. पंचवीस, तीस. पंचविसापर्यंत सगळं चांगलंच धरतात, त्यापुढे पाच म्हणजे किरकोळ. रिपोर्टात लिहिलं, श्रवण जवळजवळ सामान्य, आणि मॅडमनी सही केली. मी सावित्रम्मांना सांगितलं की अम्मा, कान चांगले आहेत, काळजी करू नका. अंबादास हसला. वाईट हसला असं म्हणता येणार नाही, सुटल्यासारखा हसला. मी सांगत होतो की, म्हणाला. सावित्रम्मांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, परत सुलटा केला आणि मला म्हणाल्या :

"मग मी मुद्दामच करते म्हणायचं."

त्या तक्रार करत नव्हत्या, विचारतही नव्हत्या. कुणीतरी मोठ्या माणसाने आपल्याविषयी काहीतरी सांगितलं आणि ते खरंच असणार, अशा समजुतीने त्या बोलल्या. मग कागदाची बारीक घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि मुलाच्या मागोमाग निघून गेल्या. मी पुढचा नंबर पुकारला.

ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. रिक्षात बसलं, जेवायला बसलं. मला या अभ्यासाचं वेड लागलं ते अशाच गोष्टींमुळे, हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, म्हणजे तुम्ही कानातला मळ काढता का. माणसाला आपण बोलतो ते कळतं, आपण बघतो ते कळतं, पण आपल्याला जे ऐकू आलं नाही ते ऐकू आलं नाही हे कसं कळणार? त्याची जागाही रिकामी राहत नाही. मन तिथे काहीतरी आणून ठेवतं आणि पुढे चालू लागतं. बारीक सूर गेले तर शब्द येतात, पण धुवून आल्यासारखे येतात. स, श, च, त हे सगळे वरच्या सुरांत राहतात. सावित्रम्मांना आवाज येत असणार आणि अर्थ लागत नसणार, असं मला सारखं वाटत होतं, आणि कागद तसं म्हणत नव्हता. कागद म्हणत होता की ही बाई सोंग करते. आणि तो कागद आता त्या घरात होता. उद्या नातीला आणायची वेळ पुन्हा चुकली तर अंबादासला भांडायचीही गरज नव्हती, नुसता कागद काढला की झालं. त्याहून वाईट म्हणजे त्यांना स्वतःलाही तो कागद खरा वाटला होता. माझ्या अक्षरातला.

शनिवारी रेल्वेच्या नोकरीसाठी तब्येतीचा दाखला हवा म्हणून एक मुलगी आली. तिचे वरचे सूर पाच-पाचवर आले, आणि चिठ्ठीप्रमाणे वजा केल्यावर झाले उणे पंचवीस. इतका तिखट कान माणसाला नसतो, बहुतेक मांजराला असतो. प्रभुलिंग खुर्चीत मागे पडून हसला. हिला मुंग्या काय बोलतात ते पण कळत असंल की, म्हणाला. मीही हसले. आम्ही दोघांनी मिळून तिला शून्य लिहिलं आणि चहा प्यायला गेलो. दोन वर्षं कानाचा अभ्यास केलेली दोन माणसं समोर उणे पंचवीस बघतात आणि हसतात, कारण भिंतीवर एक लॅमिनेट केलेला कागद आहे. हे आमच्यासारख्यांनाच जमू शकतं.

रविवारी दुपारी मला ताप भरला. आई एका दवाखान्यात नर्स आहे, ताप बघितल्याशिवाय ती कुणाच्या कपाळाला हातसुद्धा लावत नाही. तिने माझ्या काखेत थर्मामीटर दिलं आणि भाजी परतायला स्वयंपाकघरात गेली. पंखा फिरत होता, मी छताकडे बघत पडले होते. तिकडून तिने हाक दिली, वाजलं की गं, काढ. मी म्हटलं, नाही वाजलं. ती म्हणाली, दोनदा वाजलं. काढून बघितलं तर आकडा स्थिर झालेला होता, शंभर पॉइंट चार. मी बंद करून पुन्हा लावलं. आई आतून म्हणाली, आता वाजलं बघ. खोलीत पंखाच ऐकू येत होता. मग मी उठून बसले, आणि खरं सांगते, ताप असूनही मला मजा वाटायला लागली. पंखा बंद केला. थर्मामीटर हातात धरून कानाशी आणलं, तेव्हा तो आवाज आला, बारीक, अगदी व्यवस्थित. एक वीत दूर नेलं, आला. हात लांब केला, गेला. डावा कान, तसंच. कपाटातून फूटपट्टी काढली आणि उशीवर ठेवून मोजलं. बारा इंचांपुढे माझ्यासाठी ते थर्मामीटर मुकं होतं, आणि पलीकडच्या खोलीत, कढईच्या आवाजात, एक्कावन्न वर्षांच्या माझ्या आईला ते ऐकू येत होतं. आई दारात येऊन उभी राहिली. कितीदा बघशील, म्हणाली, बघून उतरतोय का? मी तिला म्हटलं, आई, मशीन चांगलं आहे. तिला वाटलं ताप डोक्यात गेला.

जेऊरला मे महिन्यात माझ्या चुलतभावाचं, नवनाथदादाचं लग्न झालं होतं. नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत, वंदना झाली, जेवणं झाली आणि उन्हं कलल्यावर वरात निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसापेक्षा उंच डीजेचे बॉक्स रचले होते. मी आयुष्यात कधी नाचले नव्हते. शाळेत नाही, जयंतीला नाही, कुठेच नाही. मला माझे हातपाय जरा जास्तच आहेत असं वाटायचं. त्या दिवशी नवनाथदादाने हाताला धरून ओढलं, आणि मी नाचले. तीन तास, बॉक्सच्या अगदी पुढ्यात, कारण तिथे आवाज इतका होता की विचारच करता येत नव्हता, आणि विचार आला नाही की मला नाचता येतं हे मला तिथे कळलं. छातीची फासळी थरथरत होती. काकू, बहिणी, अनोळखी बाया, सगळ्यांशी मी नाचले. त्या दिवसाइतकी सुखी मी कधी नव्हते, आणि हे मी आजही म्हणते. दुसऱ्या दिवशी कानात कापूस भरल्यासारखं वाटत होतं. त्याला आमच्या पुस्तकात नाव आहे, परीक्षेत मी त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. दोन दिवसांनी कापूस गेला, आणि कापूस गेला म्हणजे सगळं परत आलं, असं मी धरून चालले. आणि फेब्रुवारीत कॉलेजच्या फाटकावर लावायला डीजेच्या धोक्याचं पोस्टर कुणी रंगवलं होतं, तर मीच. लाल रंगात, मोठ्या अक्षरांत.

रविवारची उरलेली दुपार मी घरातल्या वस्तू ऐकत काढली. नळ, वर्तमानपत्राची घडी, काडेपेटी, आईच्या बांगड्या. काय कमी झालंय ते शोधत होते, आणि जे कमी झालं ते सापडत नव्हतं, कारण ते नव्हतंच. एवढी मोठी चोरी झाली आणि घर जिथल्या तिथे. मला पुढे लहान मुलांना बोलायला शिकवायचं आहे. एखाद्याचा स नीट निघतो की घसरतो ते याच कानांनी ठरवायचं आहे. उद्या सोमवार होता. उद्या सांगितलं तर भिंतीवरचा कागद उतरणार, आणि पुढे आणखी काय काय उतरेल ते मला माहीत नव्हतं. न सांगण्याची वाट मात्र सोपी होती, इतकी सोपी की मी ती शोधलीसुद्धा नाही, ती पुढ्यात येऊन उभी राहिली. प्रभुलिंग सूर सोडायच्या आधी डावा खांदा किंचित खाली करतो. काचेतून दिसतं. मी त्या खांद्यावर बटण दाबलं की माझं शून्य परत येणार. मशीन आपोआप बरं झालं म्हणून मॅडम चिठ्ठी फाडणार, कंपनीचा माणूस येऊन सगळं ठीक आहे म्हणून जाणार. पुढच्या पेशंटांचे रिपोर्ट खरे येतील. फक्त एका आठवड्यातले अकरा कागद बाहेर राहतील, त्यातला एक सावित्रम्मांच्या कमरेच्या पिशवीत.

सोमवारी मी डोळे उघडे ठेवून बसले. दोन हजारपर्यंत खरं ऐकलं. मग खांदा हलला आणि मी दाबलं. प्रभुलिंगने आवाज कमी केला. खांदा हलला, मी दाबलं. त्याचा चेहरा खुलत चालला होता. वीस, पंधरा, दहा. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, फक्त माझ्या अंगठ्याखाली बटणाची टिकटिक. आणि तेव्हा मला आठवलं की याच खुर्चीत, हेच बटण घेऊन, सावित्रम्मांनी एकदाही खोटं दाबलं नव्हतं. येत नाही तिथे त्या नुसत्या बसून राहिल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, वाट बघत. सोंग करणारी बाई असं बसत नाही. सोंग मी करत होते, आणि प्रमाण कान म्हणून माझं नाव भिंतीवर होतं. मला स्वतःची इतकी किळस आली की मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. प्रभुलिंग दार उघडून आत आला. काय झालं गं, म्हणाला, शून्यावर येत होतं की. मी म्हटलं, तुझ्या खांद्यावर येत होतं.

मॅडमना मी उभ्यानेच सगळं सांगितलं, थर्मामीटर, फूटपट्टी, वरात, रेल्वेची मुलगी. त्या ओरडतील असं वाटलं होतं. पण उठून मशीनवरची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. चिठ्ठी मी लावली होती, म्हणाल्या, आणि अकरा कागदांवर सही माझी आहे. उणे पंचवीस आलं तेव्हा मला का नाही दाखवलं, एवढंच त्यांनी आम्हाला विचारलं. दारापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या की तुझा कान अजूनही या धंद्याला पुरेल, पण यापुढे तो जपायचा. मग अकरा जणांना फोन करायला बसलो. दहा जण यायला तयार झाले. सावित्रम्मांच्या फॉर्मवर अंबादासचा नंबर होता. तो म्हणाला, रिपोर्ट चांगला आलाय म्हणून घरातली कटकट मिटली हाय मॅडम, आता परत कशाला. फोन ठेवला त्याने. मी पर्स उचलली आणि रिक्षा केली.

गल्लीच्या तोंडापासूनच मागांची खडखड सुरू झाली, प्रत्येक घरातून वेगळी, आणि दारात उभी राहिले तेव्हा ती सगळ्या अंगाला लागत होती. सावित्रम्मा मागापाशी उभ्या होत्या, सून कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती. अंबादासने मला बघितलं आणि लांबूनच काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, रिपोर्ट चुकलाय. मला माझाच आवाज ऐकू आला नाही, पण त्याला कळलं. त्याने माझ्या ओठांवरून ते उचललं होतं. या खोलीत सगळेच तसं बोलत होते, सून हाताने, तो भुवयांनी, आणि तीस वर्षं इथे काढलेली बाई बाहेरच्या शांत जगात माणसांच्या तोंडाकडे बघत फिरत होती. अंबादासने एकेक माग बंद केला. शेवटचा थांबला तेव्हा खोली एकदम मोठी झाली.

मी सावित्रम्मांच्या समोर जाऊन उभी राहिले, उजेडात, आणि सावकाश बोलले.

"अम्मा, तुम्ही मुद्दाम करत नाही. तुम्हाला खरंच ऐकू येत नाही. मशीन बरोबर होतं, माझा कान चुकीचा होता. रिपोर्ट खोटा आहे."

त्यांनी शेवटपर्यंत माझ्या तोंडावरची नजर हलवली नाही. मग पिशवीतून तो कागद काढला, माझ्या हातात दिला आणि मला बसायला स्टूल सरकवला. आनंद झाला की राग आला, मला कळलं नाही. सून घड्या घालायची थांबली होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडात आला तो फॉर्मवरचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर त्या दिवशी अंबादासने दिलं होतं आणि मी त्याच्या सांगण्यावरून नाही अशी खूण केली होती. कानात शिट्टी वाजते का?

"वाजते की," सावित्रम्मा म्हणाल्या. "सगळ्यांच्याच वाजते ना? माग थांबला की वाजते, ती."

मी मान हलवली. सगळ्यांच्या नाही वाजत, म्हटलं. त्यांना ते पटेना. त्यांनी सुनेकडे बघितलं. सून पाचच वर्षांपूर्वी या घरात आलेली. ती नाही म्हणाली. त्यांनी अंबादासकडे बघितलं. तो भिंतीशी उभा होता, हात अजून मागाच्या बटणावर, आणि त्याने मान हलवली नाही. जमिनीकडे बघतच तो काहीतरी पुटपुटला. मला कसंबसं ऐकू आलं. माझ्या पण वाजते, असं तो म्हणाला होता.

सावित्रम्मांना ते कळलं नाही. काय म्हणतो हा, त्यांनी मला विचारलं. मी सांगणार होते, पण अंबादास भिंत सोडून पुढे आला, आईच्या समोर खाली बसला, तोंड वर केलं आणि तेच वाक्य तेलुगूत, एकेक शब्द सुटा करून, तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हणाला.